फिरकी कोण धरणार?

सरकारी कचेरीत सोमवारची पहिली वीस मिनिटं रविवारच्या गप्पांत जातात. फायलींना त्याची सवय झालेली आहे. ज्यांच्या घरी दोन ते सात-आठ वर्षांची मुलं आहेत, अशा तरुण सहकाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतो : रविवारी मुलांना न्यायचं तरी कुठे? मग उत्तरं येतात. कुणी मॉलमधल्या रबरी चेंडूंच्या हौदात नेलेलं असतं. तिथे तासाला पैसे मोजायचे आणि आईबापांनी बाहेर खुर्चीवर मोबाइल बघत बसायचं. कुणी बर्गर खायला नेलेलं असतं. कुणी समुद्रावर जायला निघालेलं असतं, पण कळंगुटच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस घालवून घरी परतलेलं असतं.

आणि हे सगळं कुठे, तर गोव्यात! जिथे घरामागे डोंगर, पुढे शेत, शेतापलीकडे नदी आणि नदीच्या टोकाला समुद्र आहे, तिथल्या माणसाला मूल घेऊन कुठे जावं कळेना झालंय. जागेची टंचाई हे याचं कारण नक्कीच नाही. मग काय आहे?

माझं मत थोडक्यात सांगतो. लहान मुलांना बाहेर 'न्यायचा' कार्यक्रम करावा लागतो, कारण आपण मोठ्यांनीच बाहेर जाणं सोडलंय. मोठी माणसं स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या आनंदासाठी उघड्यावर गेली की मुलं आपोआप मागून येतात. त्यांच्यासाठी वेगळी करमणूक विकत घ्यावी लागत नाही. हे सांगायला मी कुणी बालमानसतज्ज्ञ नाही. पण ही गोष्ट मी एका शहरात डोळ्यांनी पाहिलीय, आणि ते शहर आपल्या कुणाच्या मनातही येणार नाही असं आहे. सुरत.

मराठी माणसाला सुरत म्हटलं की शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात. बायकांना साड्या आठवतात. जरा वाचणाऱ्याला १९९४ ची प्लेगची साथ आठवते. कापडाच्या गिरण्या, हिऱ्यांचे कारखाने, गर्दी, धूर आणि एकाला एक लागून उभ्या इमारती. मुलांना मोकळं खेळवायला कुणी सुरतेला जाणार नाही. मीही त्यासाठी गेलो नव्हतो. माझे साडू हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आणि राहायला अडाजणात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या आग्रहावरून आम्ही संक्रांतीला गेलो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची, साडूंचा मुलगा चार वर्षांचा. मडगावहून ओखा गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी सुरत.

संक्रांत आपल्याकडे तिळगूळ, हळदीकुंकू आणि वाण. सण गोड आहे, पण तो घराच्या आत होतो. पुरुषमाणसांना तर त्यात फारसं काम नसतं. गुजरातेत तिला उत्तरायण म्हणतात आणि ती पूर्णपणे घराच्या वर होते. चौदा जानेवारीला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण, म्हणजे शिळं उत्तरायण. हे दोन दिवस सुरत शहर रस्त्यावर नसतं, गच्चीवर असतं. गच्चीला ते अगाशी किंवा धाबूं म्हणतात.

तयारी आधी कितीतरी दिवस चालते. रस्त्याकडेला दोरा घासणारे बसलेले असतात. साधा सुती दोरा खळ, रंग आणि काचेची पूड यांच्या लगद्यातून ओढायचा, मोठ्या चरख्यावर सुकवायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या फिरकीवर गुंडाळून द्यायचा. सुरती मांजा साऱ्या गुजरातेत नावाजलेला. आदल्या रात्री डबगरवाडच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे मी जे पाहिलं त्याचं नवल वाटलं. पतंग घ्यायला आलेल्यांत मुलं होती, पण घासाघीस करत होते ते बाप आणि आजोबा. एक साठीचे गृहस्थ पतंग दिव्यासमोर धरून त्याची काडी वाकवून बघत होते. आपल्याकडे बाजारात सुंगटं बघावीत तसे. "नातवासाठी का?" असं मी हिंदीतून विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "मेरे लिए."

माझ्या मते सगळं त्या दोन शब्दांत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच साडूंच्या इमारतीची सगळी बिऱ्हाडं वर. गुजराती होती, एक राजस्थानी होतं, एक खानदेशातलं मराठी होतं. सतरंज्या, पाण्याचे जग, तिळाची आणि शेंगदाण्याची चिक्की, बोरं, उसाची कांडकी. बोटांना चिकटपट्ट्या बांधलेल्या, डोक्याला टोप्या, लाऊडस्पीकरवर गाणी. आसपासच्या प्रत्येक गच्चीवर हेच. कुणाचा पतंग कापला की चारी बाजूंनी "काइपो छे!" अशी आरोळी आणि पिपाण्यांचा कलकलाट. दुपारी जेवण वरच आलं. उंधियू, जिलबी आणि पुऱ्या. सुरती उंधियू हिरवं असतं. पापडी, कंद, मेथीचे मुठिये आणि भरपूर ओली लसूण. थंडीत तिथे कोवळ्या ज्वारीचा हुरडाही मिळतो, त्याला पोंक म्हणतात. तोही होता. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण उगाच पडलेली नाही. असो, जेवणावर मी वाहवत जाईन.

मुद्दा मुलांचा. त्या गच्चीवर तीन ते आठ वर्षांची दहा-बारा मुलं असतील. त्यांच्यासाठी वेगळी काहीही व्यवस्था केलेली नव्हती. घसरगुंडी नाही, खेळणी नाहीत, 'ॲक्टिव्हिटी' घेणाऱ्या बाई नाहीत. तरी सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत एकही मूल "कंटाळा आला" म्हणालं नाही. कुणी मोबाइल मागितला नाही. कारण प्रत्येकाला काम होतं.

सगळ्यांत मोठं काम फिरकी धरण्याचं. पतंग उडवणाऱ्याचे दोन्ही हात दोऱ्यात गुंतलेले असतात. मागे कुणीतरी फिरकी धरून उभं राहावं लागतं. ढील द्यायची वेळ आली की दांडी बोटांत सैल धरून फिरकी मोकळी फिरू द्यायची. पतंग कापला की "लपेट, लपेट" अशी हाक येते, मग भराभर दोरा गुंडाळायचा. नाहीतर शेजारच्या गच्चीवरची पोरं तो ओढून नेतात. हे काम दिसायला सोपं आहे, पण त्याला सतत लक्ष लागतं. उडवणाऱ्याच्या हाताकडे बघायचं, त्याच्या आवाजाकडे कान ठेवायचा. खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी आमच्या लेकीच्या हातात फिरकी दिली आणि तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं. एरवी दहा मिनिटं एका जागी न बसणारी मुलगी त्या 'दादां'च्या मागे पाऊण तास उभी होती. हात दुखले तेव्हा तिने फिरकी चार वर्षांच्या मावसभावाकडे दिली, त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि पुन्हा परत मागून घेतली.

याशिवाय आणखी कामं. पतंग दोन्ही हातांत धरून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि इशारा झाला की वर सोडून द्यायचा. फाटलेल्या पतंगाला कागदाची पट्टी चिकटवायची. पाणी नेऊन द्यायचं. कुठून कुणाचा पतंग येतोय ते ओरडून सांगायचं. यातलं एकही काम खोटं नव्हतं. आपण मुलांना खेळण्यातली भातुकली देतो तेव्हा त्यांना ठाऊक असतं की याने कुणाचं पोट भरत नाही. इथे फिरकी नीट धरली नाही तर दादांचा पतंग खरोखर जातो. मूल त्या जबाबदारीला जागतं.

बायकाही खेळत होत्या हे मुद्दाम सांगतो. आमची मेहुणी, जिला मी फणस्यांच्या पलीकडे कशात रमलेली पाहिली नव्हती, तिने सलग तीन पतंग कापले. तिच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आई स्वयंपाक करते, आई अभ्यास घेते, हे त्याला माहीत होतं. आई जिंकते हे नवीन होतं.

सुरतकरांचा हा गुण एका सणापुरता नाही. आपण कोजागिरी करतो, तिच्या दुसऱ्या दिवशी ते चांदनी पडवो करतात. घारी नावाची तुपात न्हालेली माव्याची मिठाई आणि भुसूं म्हणजे फरसाण घेऊन सगळं शहर रात्री उघड्यावर जेवायला बसतं. ही घारी पहिल्यांदा तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी केली होती, अशी एक गोष्ट तिथे सांगतात. खरंखोटं देव जाणे. रस्त्याकडेला, फूटपाथवर सतरंज्या टाकून लखपती हिरेवाले आणि रिक्षावाले शेजारी शेजारी बसतात, आणि मुलं या सतरंजीवरून त्या सतरंजीवर. डुमसचा किनारा आपल्या माणसाने पाहिला तर तो हसेल. काळी वाळू, गढूळ पाणी, ओहोटीला समुद्र कुठच्या कुठे गेलेला. पण रविवारी तिथे तीन पिढ्या एकत्र भजी खात बसलेल्या असतात. आपल्याकडे मिरामारला सोन्यासारखी वाळू आहे, आणि कितीतरी घरं गाडीतून न उतरता आइस्क्रीम खाऊन परत फिरतात.

सुरतेची गच्ची आणखी एका कारणासाठी माझ्या मनात राहिली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी तापीला सोडलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हा लोकांनी याच गच्च्यांवर दिवस काढले. त्या दिवसांच्या गोष्टी त्या उत्तरायणातही निघाल्या. कुणी कुणाला दोरीने दूध पोहोचवलं, कुणाच्या पाण्यावर कोण तगलं. दरवर्षी एकमेकांच्या गच्चीवर ज्यांनी पतंग कापलेले असतात, त्यांची एकमेकांशी आधीच ओळख असते. मुलं हे सगळं ऐकत होती. शेजार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकवावं लागणार नाही.

आता दुसरी बाजू. ती लपवून उत्तरायणाचं कौतुक करणं बरोबर होणार नाही. त्याच मांज्याने दरवर्षी पक्षी मरतात, दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरतात, गच्चीवरून मुलं पडतात. चिनी मांजा म्हणून जो नायलॉनचा दोरा विकला जातो तो तर तुटतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून येतोच. गुजरात सरकार जखमी पक्ष्यांसाठी जानेवारीत करुणा अभियान चालवतं. सकाळी लवकर आणि संध्याकाळी पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी पतंग उडवू नका, असं लोकांना सांगितलं जातं. दुचाकीस्वार पुढे तारेची कमान लावून फिरतात. हे सगळं खरं आहे, आणि ज्या घरातला माणूस गेला त्याला 'परंपरा' या शब्दाने समाधान मिळणार नाही.

पण यावरून "म्हणून मुलांना घरातच ठेवा" असा निष्कर्ष काढणारे मला पटत नाहीत. आमच्या गच्चीवर नियम होते. कठड्यावर कुणी बसायचं नाही. सहा वर्षांखालची मुलं टाकीच्या अलीकडेच राहतील. त्यांच्या हातात काच लावलेला दोरा द्यायचा नाही, त्यांच्यासाठी साधा दोरा वेगळा. सूर्य कलला की पतंग खाली उतरवायचे. हे नियम मोठी माणसं तिथे हजर होती म्हणून पाळले गेले. मुलांना एकटं सोडलेलं असतं तर पाळले गेले नसते, आणि मोठे नुसते पहारेकरी म्हणून उभे असते तर तासाभरात कंटाळून "चला खाली" म्हणाले असते. मोठे स्वतः खेळत होते म्हणून दिवसभर थांबले. धोका टाळायचा सगळ्यांत चांगला उपायही तोच : मोठ्यांनी बरोबर असायचं आणि त्यांना तिथे असावंसं वाटायचं. मला विचाराल तर काचेचा मांजा अजिबात गेला तरी चालेल. पतंग साध्या दोऱ्यानेही उडतो.

सुरतेला जाताना आमची गाडी डहाणू, घोलवड ही स्टेशनं मागे टाकून गुजरातेत शिरली होती. घोलवडच्या जवळ बोर्डी आहे. शिक्षणाच्या इतिहासात रस असणाऱ्याला या गावाचं नाव ठाऊक असतं. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, लहान मुलांचं शिक्षण तिथे शिकल्या, आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हटलं. साहित्य काय, तर शिंपले, खडे, पानं, बिया, काटक्या. सरकारने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं. आज आपण तो शब्द सरकारी योजनेचं नाव म्हणून सहज उच्चारतो. त्यात 'अंगण' आहे, हे विसरून गेलोय. लहान मुलाची शाळा छपराखाली नसून अंगणात आहे, असं त्या शब्दातच सांगून ठेवलंय.

आता जगातले तज्ज्ञ तेच आकड्यांत सांगू लागलेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात निदान १८० मिनिटं अंग हलवावं, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलापुढे पडदा एका तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढा बरा. तैवानात मुलांना चष्मे लागण्याचं प्रमाण वाढत चाललं, तेव्हा तिथे २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर काढायची मोहीम सुरू झाली. वर्षानुवर्षं बिघडत चाललेला आकडा त्यानंतर सुधारू लागला. डोळ्यांना उघड्यावरचा उजेड लागतो, हे आता डॉक्टर सांगतात. आपल्या आजीला ते कुणी सांगितलं नव्हतं. "वच रे, भायर खेळ" एवढंच तिला माहीत होतं.

पण आकडे सांगून मूल बाहेर जात नाही. "रोज १८० मिनिटं" असं फ्रिजवर लिहून ठेवलं तर ते औषधाच्या डोसासारखं होईल. मूल बाहेर जायचं कशामुळे? आपल्याच गोव्यात बघा.

चवथ जवळ आली की माटोळीचं सामान आणायला घरातला कुणी काका, मामा रानात जायचा. त्याच्या मागे मुलांची शेपटी. कुठली वेल कुठे मिळते, कुठल्या फळाला हात लावायचा नाही, कुठे जळवा असतात, हे सगळं त्या एका फेरीत कळायचं. मे महिन्यात आई, मावशी कान्नां, चुन्नां काढायला डोंगरावर गेल्या की मुलं बरोबर. ओहोटीला तिसऱ्यो काढायला गेलं की मुलं बरोबर. बापाने मानशीवर गरी टाकली की शेजारी मूल डबा धरून. यातलं एकही काम मुलांसाठी काढलेलं नव्हतं. मोठ्यांचं काम होतं, मोठ्यांची हौस होती, आणि मुलाच्या हातात काहीतरी धरायला दिलेलं होतं. ती आमची फिरकी होती.

आज माटोळीचं सामान म्हापशाच्या, फोंड्याच्या बाजारात मांडून विकायला असतं. ते विकणाऱ्या बायांच्या पोटाला मिळतं, त्याला माझी हरकत नाही. पण आपण गाडी थांबवून पंधरा मिनिटांत सगळं पिशवीत घालतो आणि मूल मागच्या सीटवर मोबाइल बघत असतं. मग महिन्याभराने तेच मूल शहरातल्या 'नेचर कॅम्प'ला पैसे भरून जातं आणि तिथे त्याला झाडांची नावं सांगतात. हा व्यवहार मला कळत नाही.

सगळंच संपलंय असं मात्र नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो तो बघा. बाप्ये अंगाला तेल चोळून चिखलात उतरतात, कृष्णाने खेळले म्हणतात ते खेळ खेळतात, लोळतात, आणि त्यांच्यात पाच-सहा वर्षांची मुलंही असतात. अलीकडे पर्यटन खात्यानेही तो साजरा करायला घेतलाय. तिथे आणि सुरतेच्या गच्चीवर मला एकच गोष्ट दिसली. पन्नाशीचा माणूस लाज सोडून खेळत असेल तर मुलाला बोलवावं लागत नाही. २४ जूनला सांजांवला विहिरीत उड्या मारणारे काके-मामे बघून काठावरची पोरं कशी फुलतात, ते ज्या गावांत ही चाल आहे तिथल्या वाचकांना सांगायला नको. नरकासुर करताना कागद चिकटवायला वाड्यावरची सगळी चिल्लीपिल्ली रात्री जागतात ते याच कारणाने.

काही जण म्हणतील, हे सण वर्षातून एकदा येतात, बाकीच्या एक्कावन्न रविवारांचं काय? नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरी यायला संध्याकाळचे सात, वेळ कुठे आहे? अडचण खरी आहे. मी पणजीला रोज बसने जाऊन-येऊन नोकरी करतो, मला ती ठाऊक आहे. पण सुरतेतले कारखानदार आणि कामगार आपल्यापेक्षा निवांत आहेत असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी वेळ कुठून आणला, तर जागा जवळ धरली. गच्चीवर जायला पेट्रोल लागत नाही, पार्किंग लागत नाही, मुलाला शू लागली तर घर खाली आहे, झोप आली तर आजीची मांडी तिथेच आहे. लहान मूल बरोबर असताना लांबचं सुंदर ठिकाण फारसं कामाचं नसतं, जवळचं साधं ठिकाण लागतं. आपल्याकडे तर अजून कितीतरी घरांना अंगण आहे. फक्त त्यावर पेव्हर्स बसवून आपण तिथे गाडी लावतो.

मुलाने करावं असं आपल्याला वाटतं त्याची यादी करण्याआधी, आपल्याला स्वतःला उघड्यावर काय करायला आवडेल, ते आठवून बघावं. कुणाला गरी टाकायला आवडत असेल. कुणाला परसात मिरच्या, वाली लावायला. कुणाला नुसतं बांधावरून चालत शेजारच्या वाड्यावर जायला. कुणाला लगोरी खेळायला, जी आपण तीस वर्षांत खेळलो नाही. ते आपल्यासाठी करावं, आणि मुलाला एखादं खरं काम द्यावं. डबा धर, पाणी घाल, खडे रच, पुढे जाऊन बांध ओला आहे का बघून सांग. आणि त्या तासाभरात आपला मोबाइल घरी ठेवावा. तेवढं केलं तर मला नाही वाटत की मूल मॉलची आठवण काढेल.

चवथीला अजून वेळ असेल तर एक करून बघा. माटोळीचं सगळं सामान बाजारातून आणा, पण दोन वस्तू अशा ठेवा की ज्या तुम्ही स्वतः रानात जाऊन काढणार. वाट ठाऊक असलेल्या वाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला बरोबर घ्या, त्यालाही बरं वाटेल. पायात बूट घाला, काठी घ्या, मुलाच्या हातात पिशवी द्या. परत आल्यावर त्या दोन वस्तू माटोळीला बांधताना मूल कुठे उभं राहतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगतं, तेवढं बघा. बाकीच्या वस्तूंची नावं ते त्यानंतर स्वतःच विचारेल.